पटावरून नाव कमी करण्याआधी

डिसेंबर संपत आला की फेसबुकवर एक साथ येते. आधी कुणा एकाला होते आणि आठ दिवसांत घरोघरी पोचते. मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: "मित्रयादीची साफसफाई करायला घेतली आहे. ज्यांना माझ्या यादीत राहायचं असेल त्यांनी खाली 'हो' लिहावं. बाकीच्यांना नमस्कार!" सोबत झाडूचं नाहीतर कात्रीचं चित्र. आणि खाली चाळीस-पन्नास माणसं, त्यातली काही चांगली पन्नाशी-साठीची, निमूटपणे लिहितात, "हो", "आहे ताई", "राहू द्या सर", "हजर!"

तो 'हजर' शब्द वाचला आणि माझं डोकं तडकलं.

मी १९७४ ते २००९ अशी पस्तीस वर्षं हजेरी घेतली आहे. तीही कर्जत तालुक्यात. (आमचं कर्जत नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. मुंबईजवळचं ते लोकलवालं कर्जत वेगळं. हे दर वेळी सांगावं लागतं!) वर्गात पाऊल टाकलं की आधी हजेरी, मग फळा. त्यामुळे हजेरी घेणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये. बाई हजेरी घेते ती काही मुलांनी तिच्यापुढे मान तुकवावी म्हणून नव्हे. मूल आलं नाही तर का आलं नाही, याची चौकशी करणं तिच्या गळ्यात असतं. ताप आलाय का, घरी भाऊ सांभाळायला ठेवलंय का, की बाप रागावला म्हणून ओढ्याकाठी लपून बसलंय. खाडा मांडणाऱ्याला खाड्याची काळजी असावी लागते. आता मला सांगा, हे जे फेसबुकवर हजेरी घेणारे आहेत, त्यांच्या यादीतला एखादा महिनाभर दिसला नाही तर ते त्याच्या घरी फोन करणार आहेत का? नाही ना? मग हे कोण लागून गेले 'हो' लिहायला लावणारे?

तर आज जरा भांडायचंच आहे. आमच्या ब्लॉगवाल्या मंडळींपैकी दोघा-तिघांनी आणि नात्यातल्या एका लाडक्या भाचीने (नाव घेत नाही, तिला कळेल) असे जाहीरनामे लावले आहेत. कुणाला रुसायचं असेल तर त्याने शेवटपर्यंत वाचून रुसावं. कारण शेवटी मी माझीही वही उघडणार आहे. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

आधी जे मान्य आहे ते मान्य करून टाकते. यादी फुगते. फेसबुक पाच हजारांपर्यंत मित्र करू देतं. पाच हजार! आमच्या तालुक्यातल्या कित्येक गावांची लोकसंख्या त्याच्या निम्मी भरणार नाही. रॉबिन डनबार नावाच्या एका ब्रिटिश संशोधकांनी १९९२ मध्ये असा हिशेब मांडला की माणसाच्या मेंदूला साधारण दीडशे माणसांशीच खरे संबंध सांभाळता येतात. आम्हा मास्तर-बायांना दीडशेपेक्षा कितीतरी जास्त नावं पाठ असायची, बापाच्या नावासकट. पण नाव पाठ असणं आणि संबंध असणं वेगळं, हे डनबारसाहेबांचं म्हणणं मला पटतं.

फुगलेल्या यादीला आमच्या खात्यात एक चांगला शब्द आहे, बोगस पट. बाहेरच्यांना ही भानगड माहीत नसेल म्हणून सांगते. शाळेत मुलं किती यावर तुकड्या किती, शिक्षक किती, अनुदान किती हे ठरतं. मग काही ठिकाणी कागदावर मुलं वाढायची. नाव आहे, क्रमांक आहे, पण बाकावर कुणीच नाही. तपासणीच्या दिवशी शेजारच्या शाळेतून मुलं आणून बसवायची, असेही प्रकार व्हायचे. शेवटी २०११ च्या ऑक्टोबरात, ३ ते ५ तारखेला, सरकारने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली. एक मूल दोन ठिकाणी मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना शाई लावली, मतदानाला लावतात तशी. आणि कळलं काय, तर लाखो मुलं फक्त कागदावरच शिकत होती! मी तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी वर्तमानपत्र वाचताना मान खाली गेली.

आपल्या मित्रयाद्यांची तशी पडताळणी केली तर काय निघेल? माझ्या यादीत लातूरचे एक बांधकाम व्यावसायिक होते, ज्यांना मी जन्मात पाहिलेलं नाही. एक कंपनी होती, जी माणसाचं नाव घेऊन हिंडत होती. एका ओळखीच्या गृहस्थांचा फोटो लावून कुणा भामट्याने उघडलेलं दुसरं खातं होतं, ज्यावरून "बाई, अडचणीत आहे, पाच हजार पाठवा" असा निरोप आला होता. ही नावं काढावीत की नाही? अवश्य काढावीत. आजच काढावीत. त्याला जाहीरनाम्याची गरज नाही आणि पश्चात्तापाचीही नाही. ते कधी वर्गात आलेच नव्हते.

माझं भांडण याच्या पुढे सुरू होतं.

२००९ साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत एका बर्गरवाल्या कंपनीने, बर्गर किंगने, जाहिरात काढली: फेसबुकवरचे दहा मित्र काढून टाका आणि एक बर्गर फुकट मिळवा. ज्याला काढलं त्याला तसं कळवायचीही सोय होती, की बाबा रे, तुझी किंमत एका बर्गरच्या दहाव्या हिश्शाएवढी झाली. फेसबुकने हरकत घेतली आणि काही दिवसांतच तो खेळ बंद पडला. पण तेवढ्यात दोन लाखांहून जास्त नावं कापली गेली होती! त्याच वर्षाच्या शेवटी ऑक्सफर्डच्या अमेरिकन शब्दकोशाने वर्षाचा शब्द म्हणून निवडला तो 'अनफ्रेंड'. मैत्री तोडणं हे एका बोटाचं काम झालं, त्याला स्वतंत्र क्रियापद मिळालं.

आपल्याकडे हे आलं तेव्हा आपण त्यात आपली फोडणी घातली. अमेरिकन माणूस बर्गरसाठी मित्र काढत होता. आपण तत्त्वासाठी काढायला लागलो. "अमुक पक्षाचे समर्थक माझ्या यादीत नकोत." "अमक्या जातीचा गर्व करणाऱ्यांनी स्वतःहून निघून जावं." "ज्यांना माझे विचार पटत नाहीत त्यांच्यासाठी दरवाजा उघडा आहे." लिहिणारा असा ताठ बसलेला दिसतो की जणू त्याने राजीनामा देऊन सत्याग्रह केला आहे. आणि केलं काय, तर बोटाने एक बटण दाबलं.

आता आमच्या गावाचंच घ्या. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. आमच्या कर्जत-जामखेड मतदारसंघात रोहित पवार आणि राम शिंदे समोरासमोर होते. दोघांनाही सव्वा लाखाहून जास्त मतं पडली आणि निकाल लागला तो १,२४३ मतांनी. पक्षाचं राजकारण मी इथे करत नाही, माझं मत मी पेटीत टाकून आले. पण हा आकडा नीट बघा. याचा अर्थ असा की कर्जतच्या बसस्थानकावर उभी राहिलेली जवळजवळ निम्मी माणसं माझ्या विरुद्ध बाजूची. दूध घालणारा, दळण देणारा, माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला रिक्षा घेऊन आलेला, माझा पेन्शनचा कागद बँकेत शोधून देणारा, यातला दर दुसरा माणूस 'तिकडचा'. मतावरून यादी कापायची म्हटली तर मला गावच अर्धं कापावं लागेल. आषाढ वद्य एकादशीला आमच्या गोदड महाराजांचा रथ निघतो. तो ओढायला हात लागतात ते दोन्हीकडचे लागतात. एका बाजूचे दोर सोडून दिले तर रथ चालायचा कसा?

पुण्या-मुंबईला हे कळत नाही, असं मी म्हणणार नाही. पण तिथे सोय आहे. तिथे नको असलेला माणूस खरोखरच पुन्हा भेटत नाही. लहान गावात ती सोयच नाही. ज्याला रात्री यादीतून काढलं तो सकाळी मंडईत वांगी निवडताना शेजारी उभा. त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका घरी येणार, आपल्याकडच्या दहाव्याला तो येणार. लहान गावाचे दोष मला तोंडपाठ आहेत, चार तास बोलू शकेन. पण न आवडणाऱ्या माणसाबरोबर राहावंच लागतं, हा त्याचा एक गुण आहे असं मला या वयात वाटायला लागलं आहे. राहता राहता माणसाची दुसरी बाजूही दिसते. जो फेसबुकवर नुसता विखार ओकतो तो आजारी आईला दोन वर्षं हाताने भरवत होता, हे शेजारी राहिल्याशिवाय कसं कळणार?

आणि एक कडू गोष्ट. माणसाला यादीतून काढायची कला आपल्या महाराष्ट्राला काही फेसबुकने शिकवली नाही. वाळीत टाकणं हा आपला जुनाच उद्योग आहे. जातपंचायतीने ठरवायचं आणि त्या घरी कुणी पाणी मागायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. याविरुद्ध लढून लढून शेवटी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा झाला आणि ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता लगेच कुणी म्हणेल, "मावशी, फेसबुकवरून काढणं आणि वाळीत टाकणं एकच का?" नाही, अजिबात एक नाही. वाळीत टाकलेल्याचं जगणं बंद होतं, अनफ्रेंड केलेल्याचं एक पान दिसायचं बंद होतं. ज्यांनी ते खरं भोगलं त्यांच्या दुःखाची अशी स्वस्त तुलना मी करणार नाही. मला फक्त चव ओळखीची वाटते. चारचौघांत जाहीर करायचं, राहिलेल्यांकडून 'हो' म्हणवून घ्यायचं आणि गेलेल्यांबद्दल आपसात हसायचं, ही जी चटक आहे ना, ती त्याच जुन्या भांड्यातली आहे.

माझी भाची या सगळ्यावर काय म्हणते तेही लिहिते, नाहीतर एकतर्फी होईल. ती म्हणते, "मावशी, दिवसभर ऑफिसात डोकं खाऊन घ्यायचं आणि घरी आल्यावर पुन्हा नात्यातल्याच काकांचे विषारी निरोप वाचायचे? माझ्या मनःशांतीची काही किंमत आहे की नाही?" आहे ना, बाळ. शिवाय तिने मला दोन निरोप दाखवले जे मी इथे लिहू शकत नाही. बाईमाणसाला असं लिहिणाऱ्याला काढायचं, ब्लॉक करायचं, पोलिसात द्यायचं, आणि तो नात्यातला असेल तर त्याच्या बायकोलाही दाखवायचं. त्यात मतभेद वगैरे काही नसतो. वर्गात एखादं मूल दुसऱ्याच्या डोळ्यात पेन्सिल खुपसायला धावलं तर बाई त्याचं मत ऐकत बसत नाही.

पण तिने काढलेल्या एकशे सत्तर जणांत असे किती होते? मी विचारलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, "तीन." मग उरलेले एकशे सदुसष्ट? "अगं, ते असेच. काही जण कंटाळवाणे, काही नुसतेच पडून होते."

नुसतेच पडून होते. हे ऐकलं आणि मी गप्प झाले. कारण माझी वही इथेच उघडायची आहे.

२०२४ च्या त्याच निवडणुकीनंतर, डिसेंबरात, मीसुद्धा हेच केलं. हो, मी! तेव्हा माझ्या यादीत १,२८६ नावं होती. नातवाने कसं काढायचं ते दाखवलं आणि मी चष्मा लावून चार संध्याकाळ बसले. पहिल्या संध्याकाळी अनोळखी काढले, ते बरोबरच केलं. दुसऱ्या संध्याकाळी रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवणारे काढले. तिसऱ्या संध्याकाळी निवडणुकीत 'तिकडून' भांडणारे काढले, आणि खरं सांगते, त्यात मला मजा आली. चौथ्या संध्याकाळी विचार केला, वर्षभरात ज्यांनी एकदाही आपली विचारपूस केली नाही ते कशाला हवेत? तेही काढले. उरले ३१२. मग मीही लिहिलं, "यादी साफ केली. हलकं वाटतंय." त्यावर पुष्कळ अंगठे आले. एका जुन्या सहकाऱ्यांनी "बाईंची शिस्त!" असं लिहिलं आणि मी खूश झाले.

जानेवारीत माझा वाढदिवस असतो. त्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. बघते तर माझा एक जुना विद्यार्थी, १९८६ च्या सहावीतला. आता पन्नाशीला आलेला, दुचाकीचं गॅरेज आहे. हातात पिशवी, पिशवीत हुरड्याची कणसं. दर वर्षी आणून देतो. नेहमी दारातूनच "बाई, हुरडा!" असं ओरडत आत येतो. त्या दिवशी फाटकातच उभा राहिला आणि म्हणाला,

"बाई, माझं नाव कमी केलं व्हय?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, कसलं नाव?

"सकाळी शुभेच्छा लिहायला गेलो तर तिथं 'मित्र जोडा' असं बटण आलं. म्हटलं, चाळीस वर्षांचे जोडलेलो आपण, आता परत काय जोडायचं? पोरगी म्हणली, पप्पा, तुम्हाला काढलंय. काय चुकलं का बाई माझं?"

तो तिसऱ्या संध्याकाळचा. आणि दुसऱ्याही संध्याकाळचा, कारण गुलाबही तोच पाठवायचा.

मी काय केलं असेल? सांगायला लाज वाटते. मी म्हटलं, "अरे, मोबाईल बिघडलाय माझा. आपोआप काहीतरी झालं असेल." खोटं बोललं म्हणून मी पोरांना पट्टी मारलेली बाई! तो लगेच म्हणाला, "तरी मला वाटलंच, बाई कशाला काढतील." चहा प्यायला, कणसं भाजायची कशी ते माझ्या सुनेला पुन्हा एकदा सांगितलं आणि गेला. त्याला ते खोटं पटलं की त्याने माझी अब्रू राखली, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पण रात्रभर डोक्यात घोळत राहिलं ते वेगळंच. 'नाव कमी करणं' हा शब्द आमच्या शाळेचा. मूल बरेच दिवस सलग आलं नाही की हजेरीपटात त्याच्या नावापुढे लाल शाईने लिहायचं, "सतत गैरहजर, नाव कमी केले." आमच्या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्यांवर जायची. बैलगाडीत भांडीकुंडी, कोंबड्या आणि वर पोरं. वर्गातल्या दोन-तीन ओळी रिकाम्या व्हायच्या. सहा महिन्यांनी ती परत यायची.

त्यांत एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. सहावीतच, या गॅरेजवाल्याच्याच वर्गात. अक्षर असं की मी फळ्यावरचा सुविचार तिच्याकडून लिहून घ्यायची. दिवाळीनंतर ती दिसेनाशी झाली. मी नियमाप्रमाणे थांबले, नियमाप्रमाणे लाल शाई काढली आणि नाव कमी केलं. तिच्या वस्तीवर जाऊन कुणाला विचारलं नाही. वस्ती शाळेपासून तीन किलोमीटरवर होती आणि मला घरी लहान मूल होतं, हे कारण मी तेव्हाही स्वतःला दिलं होतं. पाडव्याच्या सुमाराला ती परत आली आणि वर्गाच्या दारात उभी राहिली. आत नाही आली, दारातच. "बाई, माझं नाव हाय का?" मी म्हटलं, "नाव कमी झालंय गं, जूनमध्ये बापाला घेऊन ये, परत घालू." ती "बरं" म्हणाली. जूनमध्ये ती आली नाही. पुढे लग्न झाल्याचं कळलं, तेही उडत उडत.

नियमाने माझं काही चुकलं नव्हतं. वरिष्ठांनी तपासलं तरी वही स्वच्छ होती. पुढे २०१० च्या एप्रिलपासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवी होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येणार नाही असं ठरलं, तेव्हा मी घरी बसले होते. बातमी वाचून मला ती दारात उभी असलेली आठवली होती.

तर एवढ्या सगळ्या रामायणातून मला जे म्हणायचं आहे ते इतकंच. हजेरीपटावर जी नावं बाकावर दिसत नाहीत, ती दोन प्रकारची असतात. एक बोगस आणि दुसरं गैरहजर. दोन्हींचा रकाना रिकामाच दिसतो, पण दोन्ही एक नव्हेत. बोगस नाव खुशाल कमी करा. गैरहजर नाव कमी करायच्या आधी त्याच्या घरी जाऊन या. तुमच्या यादीत जे 'नुसतेच पडून' आहेत, त्यांच्यापैकी कुणाची नोकरी गेली असेल, कुणाची बायको आजारी असेल, कुणी आमच्या वयाचं असेल आणि त्याला दिसत नसेल. वर्षभर त्याने तुमची विचारपूस केली नाही म्हणता, तर तुम्ही केलीत का? मी ज्यांना चौथ्या संध्याकाळी काढलं, त्यांच्यातल्या एकालाही मी वर्षभरात फोन केलेला नव्हता. म्हणजे खाडा दोन्ही वह्यांत होता आणि लाल शाई फक्त माझ्या हातात होती.

आणि जे दंगा करतात, वाद घालतात, आपल्याला न पटणारं बोलतात, त्यांच्यासाठीही शाळेत रीत होती. एक तास वर्गाबाहेर उभं करायचं. पटावरून नाव नाही काढायचं. फेसबुकवाल्यांनीही ती सोय ठेवली आहे, एखाद्याचं लिखाण तीस दिवस दिसू नये असं करता येतं, कायमचं बंदही करता येतं, आणि त्याला पत्ता लागत नाही. मैत्री तशीच राहते, वाढदिवसाला तो शुभेच्छा लिहू शकतो. मनःशांती मिळते आणि माणूसही जात नाही. मग काढून टाकण्याचा आणि वर दवंडी पिटण्याचा हट्ट कशासाठी? दवंडीशिवाय काढलं तर मजा येत नाही, हेच ना? मला आली होती, म्हणून विचारते.

कुणी म्हणेल, बाई म्हातारपणी हळव्या झाल्या. झाले असेन. पण हा हिशेबही आहे. माझ्या वयाला नवी माणसं मिळत नाहीत. जी आहेत ती मागच्या पन्नास वर्षांत जमलेली आहेत आणि त्यातली दर वर्षी काही आपणहून कमी होतात. त्यांना लाल शाई लागत नाही. माझ्या यादीत असे नऊ जण आहेत. त्यांच्या वाढदिवसाची आठवण फेसबुक अजून करून देतं. तेवढे मी चारही संध्याकाळी काढू शकले नव्हते. मेलेल्यांना ठेवलं आणि जिवंतांना काढलं, अशी माझी शिस्त!

दुसऱ्या दिवशी मीच त्या गॅरेजवाल्याला मैत्रीची विनंती पाठवली. मिनिटभरात स्वीकारली आणि लगेच गुलाब पाठवला. 'तिकडचा' मजकूर अजूनही टाकतो, त्याला मी अधूनमधून तीस दिवस बाहेर उभा करते. चौथ्या संध्याकाळच्या लोकांची नावं आठवून आठवून वहीत लिहिली आहेत. रोज एकाला फोन करते. आतापर्यंत एकसष्ट झाले. त्यातल्या दोघांनी "कोण बोलतंय?" असं विचारून फोन ठेवला, एकजण रडला, बाकीच्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. त्या मुलीचा नंबर मिळावा म्हणून तिच्या वर्गातल्या तिघांना विचारलं आहे. अजून मिळालेला नाही.

आणि मोबाईल बिघडला नव्हता रे. तू हे वाचशील की नाही माहीत नाही, तुझी पोरगी वाचते असं ऐकलं आहे. तिने तुला सांगितलं तर या वर्षी हुरडा आणू नकोस, मीच येते शेतावर.